भुरीच्या गळ्यातली खूण

धनीबाईला काळजी करायला कारण लागत नसे. ती आधी काळजीला बसायची, कारण मागाहून चालत यायचं. पाऊस आला तर कपाशी सडेल, नाही आला तर वाळेल, आणि बेताचा आला तर आता पुढं काय वाढून ठेवलंय म्हणून तिचा जीव टांगणीला. नवरा भावसिंग म्हणायचा, साऱ्या तांड्याच्या वाटची काळजी माझ्या एकट्याच्या घरी मुक्कामाला आहे, बाकीच्यांनी खुशाल पाय पसरून झोपावं. तो स्वतः तर झोपायचाच.

बंजाऱ्यांचा हा तांडा बोरखेडीच्या वरच्या अंगाला होता, पुसदहून उमरखेडकडे जाणाऱ्या सडकेपासून बराच आत. भावसिंगच्या आज्यापर्यंत या लोकांनी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. मग आगगाडी आली, मोटारी आल्या, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि माणसं कपाशी-तुरीच्या मागं लागली. लादणी गेली, पण लादणीची गाठ तेवढी मागं राहिली. ती सासूच्या हातातून धनीबाईच्या हातात आली होती. अंबाडीचा धागा मांडीवर वळायचा, मेणातून ओढून काढायचा, लाल कापडावर कवड्या टाकायच्या, आणि शेवटाला अशी गाठ मारायची की ओढावी तसतशी ती आवळत जावी. सासूनं शिकवताना बजावलं होतं, गाठ सुटली की गोणी पडते आणि गोणी पडली की घराची अब्रू पडते. पोळा जवळ आला की आसपासच्या गावांतले शेतकरी धनीबाईकडून बैलांसाठी गळपट्टे करून न्यायचे. बैल म्हातारा व्हायचा, पट्टा व्हायचा नाही. तो पुढच्या बैलाच्या गळ्यात जायचा.

भावसिंगचं सगळंच उलटं. त्यानं बांधलेला गवताचा भारा घरी येईस्तोवर अर्धा वाटेवर सांडलेला असे. त्यानं बांधलेली शेळी त्याच्याआधी घरी पोचलेली असे. तांड्यात कुणाचं काम सैल निघालं की लोक म्हणत, ही भावसिंगची गाठ. धनीबाईला याची लाज वाटायची. भावसिंगला नाही.

या घरात भुरी नावाची मांजर होती. अंगावर राखी पट्टे, शेपटीचं टोक काळं, दिसायला अगदी चारचौघींसारखी. घराच्या कोपऱ्यात बियाण्याची ज्वारी असायची आणि भुरी होती म्हणून ती पेरणीपर्यंत शाबूत राहायची. पण खरं सांगायचं तर ज्वारीचं निमित्त. भुरी जमनीची होती. जमनी म्हणजे धनीबाईची एकुलती लेक, उमरखेडकडच्या एका तांड्यात दिलेली. पाठवणीच्या वेळी ढावलो, म्हणजे सासरी जाणारीची रडगाणी, म्हणत आयाबायांच्या गळ्यात पडून सारे रडले तेव्हा पोरगी रीतीपुरतं रडली, आणि भुरीला कडेवरून खाली ठेवताना मात्र तिला हुंदका आवरला नाही. "याडी, इले जप," एवढंच ती आईला म्हणाली. पुढं त्या बाजूनं कुणी आलं की जमनीचा निरोप असायचा, भुरी कशी हाय? बाप कसा आहे हे त्याच्यानंतर.

त्या साली विकास गटाचा जोर होता. जीप यायची, विहिरींची, खतांची बोलणी व्हायची. बोरखेडीच्या पुंडलिकरावांनी ग्रामसेवकाचं ऐकून पांढऱ्या विलायती कोंबड्या आणल्या. नाव त्यांचं, पण जीव लावला विमलताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. गावठी कोंबडीपेक्षा ह्या अंडी जास्त देतात, आणि अंगणात फिरल्या की दिसतात कशा, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. नजर लागावी तशी एक कोंबडी गेली. मग आणखी एक. पुंडलिकरावांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राहिलेला गडी, देवराव. त्यानं एका पहाटे एक भुरं पट्ट्यांचं मांजर कुंपणावरून उडी टाकताना पाहिलं.

पुंडलिकराव स्वतः तांड्यात आले. माणूस भला होता, भांडायला आलेला नव्हता. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि मग गोष्ट काढली.

"धनीबाई, तुह्या मांजरीवर माहा आळ नाही. रानबोका असंल. पण कोंबड्याइपाशी भुरं मांजर दिसलं का काठी घालजो, असं म्या देवरावले सांगतलं हाय. अंधारात त्याले काय समजते, कोनाचं कोनतं? तू तिच्या गळ्यात काही खूण बांध. खूण दिसली तं त्याचा हात उठनार नाही. हा माहा शबद."

शब्द चांगला होता, पण धनीबाईच्या कानात फक्त काठी राहिली. पुंडलिकराव वळणावरून दिसेनासे झाले न झाले, तोच तिनं भुरीला टोपल्याखाली कोंडलं आणि पेटीतून लाल कापड काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पट्टा तयार झाला. बैलाच्या पट्ट्याचंच ते लेकरू. तोच मेणाचा धागा, तेच टाके, मधोमध कवड्या, आणि तीच गाठ. माप घेतानाही धनीबाईनं बैलाचाच कायदा लावला. बैलाचा पट्टा कधी गच्च बांधायचा नसतो, मान काचते, आत हात फिरला पाहिजे. भुरीच्या पट्ट्यातही तिनं बोटं फिरवून पाहिली, छान मोकळी फिरली. बैलाला जे सुखाचं तेच मांजराला, असं ती धरून चालली. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या गळ्याशी ज्यांचा व्यवहार, त्यांना मांजराचा गळा वेगळा असतो हे कुणी सांगावं?

तांड्यानं हसून घेतलं. यंदा मांजराचा पोळा भरणार, तांड्याच्या नायकानं भुरीला मिरवायला न्यावं, असं चाललं. धनीबाईनं कुणाकडं लक्ष दिलं नाही. ती भुरीला कडेवर घेऊन सरळ बोरखेडीला गेली आणि देवरावच्या तोंडापुढं मांजर धरून म्हणाली, नीट पाहून घे. देवरावनं पाहिलं, कवड्यांना बोट लावलं आणि मान हलवली. त्या दिवशी धनीबाईला भाकर गोड लागली.

पण ते सुख फार दिवस पुरलं नाही. भुरी मागच्या पायानं गळा खाजवायची, की कवड्या वाजायच्या, की धनीबाई हातातलं काम टाकून बघायची. एकदा अंग चाटता चाटता भुरीचा खालचा जबडाच पट्ट्यात अडकला आणि ती उलटी-सुलटी होत घरभर आपटली. धनीबाईनं तिला दाबून धरून जबडा सोडवला. मग दिवसभर तिचं एकच चाललं, पट्टा ठेवावा की काढावा. काढावा तर देवरावची काठी, ठेवावा तर हे असं. घट्ट करावा तर गुदमरायचं भय. भावसिंग म्हणाला, काढून टाक, मांजर आपलं पोट आणि आपला जीव दोन्ही सांभाळून असते. ती म्हणाली, तुमच्यासारखी निजून राहणारी असती तर काढलाही असता. पट्टा राहिला.

तुरीला फुलं आली होती. एका सांजेला भुरी दुधाच्या वेळेला आली नाही. असं कधी होत नसे. धनीबाईनं वाटी उंबऱ्याशी ठेवली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. उजाडलं तेव्हा दुधावर साय धरली होती आणि त्यात मुंग्या झाल्या होत्या. तिनं कडब्याची गंजी पाहिली, नाल्याचा काठ पाहिला, शेजारणीच्या घरांचे कोनाडेसुद्धा पाहिले. हाक मारून मारून घसा बसला. मग तिच्या मनानं निकालच देऊन टाकला. देवरावनं मारली. काठी आधी आणि खूण मागाहून, असंच झालं असणार. आता जमनीचा निरोप आला की काय सांगायचं?

ती बोरखेडीला निघाली ती अर्धी रडत, अर्धी शिव्या देत. पुंडलिकरावांच्या अंगणात पोचेपर्यंत शिव्या संपल्या होत्या आणि रडणं तेवढं उरलं होतं. विमलताईंनी तिला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. देवरावनं भुरी मारली, एवढंच ती म्हणाली. पुंडलिकराव म्हणाले, माझ्या शब्दावर विश्वास नाही का? देवराव गोठ्यातून हात पुसत आला. त्याला काय झालंय ते कळेना.

"मारीन कायले?" तो म्हणाला. "तुह्या पट्ट्याची मांजर हाय न, थे मागच्या कुपाटीत बसून हाय. लाल दिसलं म्हून म्या हातबी नाही लावला."

"बसून हाय?" धनीबाईनं विचारलं.

"हो. काल दुपारपासून तिथंच बसून हाय."

धनीबाई पेला टाकून उठली. काट्यांत कोणती मांजर दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बसून राहते? काठीचं भय एका क्षणात गेलं आणि त्याच्या जागी जे आलं ते काठीपेक्षा वाईट होतं. ते तिच्या स्वतःच्या हातचं होतं.

कोंबड्यांच्या खुराड्यामागं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं. त्यात भुरी बसलेली नव्हती, लटकलेली होती. पट्टा एका तुटक्या फांदीच्या बुडख्यात अडकला होता. सुटायच्या धडपडीत तिनं पुढचा एक पाय पट्ट्यात घातला होता, आणि तो मोकळाढाकळा पट्टा आता गळ्यावरून काखेत उतरून मांसात रुतला होता. मागचे पाय कसेबसे खालच्या फांदीला टेकत होते. तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता.

धनीबाई काट्यांत शिरली. तिनं भुरीला खालून उचलून धरलं आणि दुसऱ्या हातानं गाठ सोडायला घेतली. गाठ काय सुटते? रात्रभर ओढ बसून ती खड्यासारखी झाली होती. धनीबाईनं नख लावलं, नख मोडलं. दात लावले, दातांना नुसतं मेण लागलं. तिच्या आयुष्यात तिची एकही गाठ सुटली नव्हती, आणि ही तिनं जीव ओतून मारलेली. सोडणाऱ्यानं सुरुवात कुठून करायची, हे तिलाच ठाऊक नव्हतं. तशी पाळी कधी आलीच नव्हती.

"इळा आन," ती ओरडली. "देवराव, इळा आन लवकर."

देवरावनं विळा आणला. मेणाच्या धाग्यावरून तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा धागा तुटला आणि कवड्या काट्यांत सांडल्या. भुरीनं सुटताक्षणी धनीबाईच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. धनीबाईला ते घरी गेल्यावर, हात धुताना समजलं. देवराव मात्र तिथंच विळा घेऊन उभा राहिला. खूण होती म्हणून नाही हात लावला, असं तो पुन्हा पुन्हा पुंडलिकरावांना सांगत होता. खोटं तर काही नव्हतं त्यात. खुणेनं तिला काठीपासून वाचवलं होतं आणि त्याच खुणेमुळं कुणी जवळ गेलं नव्हतं.

विमलताईंनी कोमट पाण्यानं जखम धुऊन दिली, हळद भरली. स्वतःच्या कोंबड्यांच्या चोराबद्दल ज्या बाईनं इतके दिवस बोटं मोडली, तिनं हे केलं, हे धनीबाई विसरली नाही. काखेतली जखम भरायला बरेच दिवस गेले. भुरी खाऊ-पिऊ लागली, चालू लागली, उंदरांकडं बघूही लागली. पण तो पाय काही पहिल्यासारखा टेकेना. ती तो अर्धवट उचलूनच चालायची. धनीबाई तिला चालताना पाहायची नाही. ती चालू लागली की ही दुसरीकडं बघायची.

आणि गळा मोकळा होता. तेच मोठं भय. भुरी बरी झाली म्हणजे बाहेर जाणार, आणि कोंबड्यांचा चोर अजून सापडला नव्हता. विमलताई म्हणाल्या, शेळीच्या करतात तसा कानाला छेद दे, जन्माची खूण होईल. धनीबाई म्हणाली, माझ्या हातून तिला लागलं तेवढं पुरे. ती विचार करत राहिली. खूण तर हवी, पण अडकली तर तुटणारी हवी. आत पाय जाणार नाही एवढी बेताची हवी, एक बोट कसंबसं सरकेल एवढीच. कवड्या नकोत, त्यांचं ओझं नको. नुसती लाल चिंधी, आणि तिची दोन टोकं जोडायला घरी काढलेलं कच्चं सूत, एकच पदर.

हे सगळं ठरलं आणि घोडं गाठीवर अडलं. धनीबाई कच्च्या सुताची सैल गाठ मारायला बसली की तिचा हात आपणहून दुसरा वेढा घेई. दुसरा घेतला की तिसरा. ती उसवायची, पुन्हा बांधायची, पुन्हा तेच. चिंधी खुंटीला अडकवून ओढून पाहायची तर खुंटी हले पण सूत तुटेना. इतक्या वर्षांची सवय बोटांत बसलेली, ती काय एका मांजरासाठी उठून जाणार होती? शेवटी ती हात मांडीवर टाकून रडली.

भावसिंग बाजेवर पडून हे बघत होता. तो उठला. "आन इकडं," म्हणाला. त्यानं दोन्ही टोकं घेतली आणि काहीतरी गुंतवल्यासारखं केलं, ज्याला गाठ म्हणायला जीभ धजावली नसती. धनीबाईनं चिंधी खुंटीला लावून करंगळीनं ओढली. सूत पटकन तुटलं. तिनं पुन्हा त्याच्याकडं दिली, त्यानं पुन्हा बांधली, ती पुन्हा तुटली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या ज्या अंगचोरपणाचा तिनं उद्धार केला होता, त्याचा तिला त्या दिवशी पहिल्यांदा आधार वाटला. भावसिंगनं मात्र हे पुढं वर्षभर तिला ऐकवलं.

लाल चिंधी भुरीच्या गळ्यात गेली. आठवडा झाला नसेल तोच ती नाल्याच्या वाटेवर एका बोरीला लोंबकळताना सापडली. धनीबाईनं ती हातात घेतली आणि तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि धडकीही भरली. अडकली होती आणि सुटली होती, म्हणजे जीव वाचला. पण सुटली म्हणजे आता गळा मोकळा, आणि देवराव काठी घेऊन आहेच. भुरी घरी येऊन नवी चिंधी गळ्यात पडेपर्यंत धनीबाईनं चूल पेटवली नाही. हे असं पुन्हा पुन्हा होत राहिलं. घट्ट खुणेचं भय वेगळं होतं, तुटणाऱ्या खुणेचं वेगळं. एकातून सुटावं तर दुसरं दारात उभं.

मग एक सकाळ आली. धनीबाई कापूस वेचता वेचता बांधाशी आली होती. बांधावर लाल चिंधी पडलेली दिसली, सूत तुटलेलं. ती उचलते आहे तोच बोरखेडीकडून येणारी एक बाई सहज सांगून गेली, की पुंडलिकरावांच्या इथं आज एकदाचं ते भुरं मांजर मारलं, देवरावनं एका काठीत खाली पाडलं. गळ्यात काही होतं का, असं विचारायलाही धनीबाई थांबली नाही. ओटीतला कापूस बांधावर सांडला. ती चिंधी मुठीत धरून पळत सुटली. वाटेत दोनदा पडली.

अंगणात पोतं पसरलं होतं आणि पोत्याखाली काहीतरी होतं. देवराव बाजूला उभा होता. धनीबाई पोत्याशी गेली, वाकली, आणि तिचा हात पुढं जाईना. विमलताईंनीच पोतं उचललं.

मोठं थोराड डोकं. कान फाटलेले, शेपूट जाड. तो बोका होता, रानातला. भुरी नव्हती.

धनीबाई तिथंच खाली बसली. तेवढ्यात बैलबंडीखालून भुरी बाहेर आली, पाय उचलून, तिच्या त्या नेहमीच्या चालीनं, आणि तिच्या लुगड्याला अंग घासू लागली. देवरावला सांगायचंच होतं, तो सांगू लागला. या वेळी आपण चुकलो नाही, याचा त्याला आनंद झाला होता.

"दोन होते, बाई. दोनी भुरे, अन् दोघाइचाबी गळा मोकळा. म्या काठी उचलली. एक सुसाट निंगालं, एक लंगडत निंगालं. लंगडं तं तुह्यं हाय, हे मले मालूम. म्हून काठी दुसऱ्यावर टाकली." तो समजावणीच्या सुरात पुढं म्हणाला, "आता काहून जिवाले घोर लावून राह्यली? चिंधी राहो का तुटो. दुरूनच वळखू येते आता, लंगडते म्हून. आता तिले काही बांधाचं काम नाही."

विमलताईंनी मान डोलावली. त्यांनाही ते पटलं. धनीबाईनं भुरीला मांडीवर घेतलं आणि इतक्या दिवसांत जो पाय तिनं पाहायचा टाळला होता, तो हातात धरला. काखेत केस उगवले नव्हते. तिथं पट्ट्याएवढीच रुंद, गुळगुळीत रेघ होती.

"हेबी म्याच बांधलं हाय, देवराव," ती म्हणाली.